कांदा केंद्राचा, मग आमदार कशाचा?

लासलगावात निवडणूक जवळ आली की एक वाक्य हमखास कानावर पडतं: कांदा हा केंद्राचा विषय, त्यात आमदार काय करणार? आमदारानं रस्ते करावेत, पाणी आणावं, सभामंडप बांधून द्यावेत, लग्नाला आणि दहाव्याला यावं. सत्तेतले हे बोलतात, सत्तेबाहेरचे बोलतात, आणि लिलावाच्या रांगेत ट्रॅक्टर लावून रात्र काढणारा शेतकरीही हेच बोलतो. माझं भांडण या वाक्याशी आहे. ते अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त घातक आहे. खऱ्या अर्ध्याच्या जोरावर सगळे दिल्लीकडे बोट दाखवतात. उरलेलं अर्धं मुंबई-नागपूरच्या विधान भवनात आपल्या हक्काचं पडून राहतं आणि त्याचा हिशेब कोणी मागत नाही.

आमच्या गावाचा राजकीय पत्ता तीन ठिकाणी विभागलेला आहे. तालुका निफाड, विधानसभा येवला, लोकसभा दिंडोरी. मतदारसंघांची फेररचना होऊन २००९ ची निवडणूक झाली, तेव्हापासून लासलगाव आणि भोवतालची गावं येवल्याला जोडलेली आहेत. मे २०२४ मध्ये दिंडोरीत मतदान झालं. केंद्रात राज्यमंत्री असलेल्या डॉ. भारती पवार पडल्या आणि पेशानं शिक्षक असलेले भास्कर भगरे निवडून आले. निर्यातबंदीचा राग मतपेटीतून निघाला हे तेव्हाच्या सत्ताधारी नेत्यांनीही उघडपणे मान्य केलं. त्यानंतर सहाच महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि येवल्यातून छगन भुजबळ सलग पाचव्यांदा निवडून आले. निकालाबद्दल माझी तक्रार नाही. मतदारानं दिलेला कौल तो कौल. मला खटकतं ते वेगळंच. मे महिन्यात ज्या कांद्यानं मंत्र्याची खासदारकी गेली, तो नोव्हेंबरात चर्चेतूनच उठला. आपला आमदार बाजाराच्या कायद्याबद्दल सभागृहात काय करणार आहे, हे ना उमेदवारांनी सांगितलं, ना आपण विचारलं. प्रचार झाला तो जातीच्या गणितावर आणि विकासकामांच्या यादीवर.

केंद्राचा हात किती मोठा आहे ते मी नाकारत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यातबंदी आली. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा आली. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत ठरली, आणि ७ डिसेंबरच्या अधिसूचनेनं निर्यात पुन्हा बंद झाली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क मानेवर राहिलंच. शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडावा लागला. दर वेळी आदेश दिल्लीत निघाला आणि दुसऱ्या दिवशी भाव लासलगावच्या आवारात कोसळला. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत परदेशाशी व्यापार आणि सीमाशुल्क केंद्राच्या सूचीत आहेत. इथवर ते वाक्य बरोबर आहे.

पण त्याच अनुसूचीतली राज्यांची सूची काढून बघा. चौदाव्या नोंदीत शेती आहे. अठ्ठाविसाव्या नोंदीत बाजार आणि जत्रा आहेत. समवर्ती सूचीतल्या अन्नपदार्थांच्या व्यापाराच्या नोंदीचा आधार घेऊन केंद्रानं २०२० मध्ये बाजारात हात घातला, त्यावर देशभर रान पेटलं, आणि २०२१ च्या अखेरीस ते कायदे मागे घ्यावे लागले. म्हणजे कांदा कुठे विकायचा, कोणी विकत घ्यायचा, लिलाव कसा करायचा, वजन कुठे करायचं, पैसे केव्हा द्यायचे, कापायचं काय आणि किती, आणि या सगळ्यावर देखरेख करणारी समिती कोणी निवडायची, हे आजही महाराष्ट्राच्या विधिमंडळानंच ठरवायचं आहे.

हे किती जवळचं आहे ते बाहेरच्या वाचकाला कळावं म्हणून एका ट्रॉलीची वाट सांगतो. उन्हाळ कांदा चाळीतून काढला, निवडला, गोल्टी (बारीक कांदा) वेगळी केली, ट्रॉलीत भरला. आवारात नोंद झाली, रांग लागली, लिलावाचा पुकारा झाला, भाव ठरला, सौद्याची पट्टी हातात आली. शेतकऱ्याला वाटतं, सुटलो. पण माल अजून ट्रॉलीतच असतो. ती ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर न्यायची, काट्यावर वजन करायचं, खाली करायचं. खळ्यावर माल ओतल्यावर खालचा कांदा हलका निघाला म्हणून ठरलेला भाव पाडून मागितला जातो, आणि ट्रॉली अर्धी रिकामी झालेला माणूस तिथे भांडणार तरी किती? मग हिशेबपट्टी तयार होते आणि हमाली, तोलाई, वाराई वजा होते. या वाटेवर केंद्र सरकार कुठेही भेटत नाही. भेटतो तो १९६३ चा बाजार समिती कायदा आणि १९६९ चा माथाडी कायदा. दोन्ही महाराष्ट्राच्या विधिमंडळानं केले आहेत आणि दोन्ही बदलण्याचा अधिकार त्याच विधिमंडळाला आहे.

हा अधिकार कागदावरचा नाही, त्याचे चटके आम्ही घेतले आहेत. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारनं अध्यादेश काढून फळं-भाजीपाल्याबरोबर कांदा-बटाटाही नियमनमुक्त केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जाणारी रक्कम एका कागदानं थांबली. नाशिक जिल्ह्यात व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले, शेतकऱ्यांची कोंडी झाली, पण आडत पुन्हा शेतकऱ्याच्या माथी आली नाही. त्यासाठी दिल्लीला जावं लागलं नव्हतं. एप्रिल २०२४ मध्ये हमाली-तोलाई कोणी कापायची या वादावरून जिल्ह्यातले लिलाव पुन्हा बंद पडले. ऐन उन्हाळ कांद्याच्या दिवसांत. तो वाद राज्याच्या कायद्यातला होता. लोकसभेच्या प्रचारात निर्यातबंदीवर भाषणं गाजत होती त्याच दिवसांत आमच्या आवारात शुकशुकाट होता, आणि त्यामागे मुंबईत दुरुस्त होऊ शकणारा कायदा होता. माथाडी कायद्यानं हमाल-मापाऱ्याला जे संरक्षण दिलं ते जायला नको, हे इथेच स्पष्ट सांगतो. पाठीवर पोतं वाहणाऱ्या माणसाचा हक्क आणि शेतकऱ्याची पट्टी यांना एकमेकांसमोर उभं करणारी संदिग्धता कायद्यात आहे. ती दूर करणं हे कायदा करणाऱ्याचं काम आहे.

आता आपल्या आमदारांकडे येतो. छगन भुजबळ यांना दोन मापांनी मोजलं जातं आणि दोन्ही मापं अपुरी आहेत.

समर्थकांचं माप विकासाचं. येवल्यात त्यांनी केलेली कामं डोळ्यांना दिसतात, ती नाकारणं खोटेपणा होईल. मांजरपाड्याचा वळण प्रकल्प, पश्चिमेला वाहून जाणारं पाणी गोदावरी खोऱ्यात आणून पुणेगाव-दरसवाडी-डोंगरगाव कालव्यानं येवल्याच्या दुष्काळी पट्ट्याकडे नेण्याची धडपड, त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरली. लासलगाव-विंचूरसह सोळा गावांची पाणीयोजना आमच्या तोंडची गोष्ट आहे. पण हे सगळं मंत्र्याचं, पालकमंत्र्याचं, निधी खेचून आणणाऱ्या माणसाचं काम आहे. आमदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांचा स्थानिक विकास निधी मिळतो, त्याखेरीज ग्रामविकासाच्या २५१५ या लेखाशीर्षाखाली कामं मंजूर होतात, आणि गावोगावी फलक लागतात. या कामांना विधिमंडळ लागत नाही. ती कार्यक्षम अधिकाऱ्यालाही जमतील. कायदा करणं मात्र जिल्हाधिकाऱ्याला, सरपंचाला, बाजार समितीच्या सभापतीला जमत नाही. ते फक्त आमदारालाच जमतं, आणि तेच आपण त्याच्या कामाच्या यादीतून वगळलं आहे.

विरोधकांचं माप दुसरं. गैरव्यवहाराच्या आरोपांवरून १४ मार्च २०१६ ला झालेली अटक, दोन वर्षांचा तुरुंगवास, मे २०१८ मधला जामीन, पक्ष बदलणं, जातीच्या सभा. त्यातल्या महाराष्ट्र सदन प्रकरणात विशेष न्यायालयानं सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांना दोषमुक्त केलं, हे सांगायला मात्र अनेक जण विसरतात. ही टीका करणाऱ्यांना मी एवढंच विचारतो: तुम्ही सांगता ते सगळं खरं धरलं, तरी माझ्या बाजाराच्या कायद्याचं काय? तुमचा उमेदवार निवडून आला असता तर त्यानं कोणतं विधेयक मांडलं असतं? याचं उत्तर तुमच्या जाहीरनाम्यात मला दिसलं नाही.

तिसरं माप सभागृहाचं. या मापानं भुजबळांची कारकीर्द बघितली की केंद्राचा विषय म्हणून हात वर करणाऱ्या युक्तिवादाला जागाच उरत नाही, कारण तो त्यांनी स्वतःच वेळोवेळी मोडून काढला आहे.

भायखळ्याच्या मंडईत भाजी विकणाऱ्या घरातून आलेला हा माणूस १९७३ मध्ये मुंबईत नगरसेवक झाला, दोनदा महापौर झाला, १९८५ पासून माझगावचा आमदार झाला. डिसेंबर १९९१ मध्ये नागपूर अधिवेशनाच्या वेळी मंडलच्या प्रश्नावर त्यांनी शिवसेना सोडली. मंडल आयोग केंद्राचा होता, त्याची अंमलबजावणी केंद्राच्या नोकऱ्यांत होती. तरी राज्याच्या एका आमदारानं त्यासाठी आपलं राजकीय आयुष्य पणाला लावलं, आणि महाराष्ट्राच्या राजकारणाची दिशा त्यानं बदलली. पुढे १९९५ नंतर विधान परिषदेत विरोधी पक्षनेता म्हणून त्यांनी युती सरकारला सळो की पळो करून सोडलं. सभागृहाची आयुधं कशी चालवायची हे या माणसाला कोणी शिकवायची गरज नाही.

त्याहून मोठा पुरावा ५ जुलै २०२१ चा आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांमधलं ओबीसी आरक्षण सर्वोच्च न्यायालयाच्या ४ मार्च २०२१ च्या निकालानं अडचणीत आलं होतं. केंद्रानं २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेतली माहिती राज्याला द्यावी, असा ठराव विधानसभेत मांडला तो भुजबळांनी. जनगणना हा केंद्राचा विषय, माहिती केंद्राच्या ताब्यात, देणं न देणं केंद्राच्या मर्जीवर. तरी महाराष्ट्राच्या विधानसभेत ठराव आला, सभागृहात रणकंदन झालं, भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले, पुढे न्यायालयानं ते निलंबन रद्द केलं, आणि ठराव मंजूर झाला. सात-आठ महिन्यांनी, मार्च २०२२ मध्ये, प्रभाग रचनेचे अधिकार राज्य सरकारकडे घेणारी विधेयकं दोन्ही सभागृहांनी झटपट मंजूर केली. जुलै २०२२ मध्ये ओबीसींना आरक्षणासह निवडणुकांचा मार्ग मोकळा झाला.

ओबीसींच्या जागांसाठी हे झालं ते योग्यच झालं असं माझं मत आहे. पण मग कांद्याच्या बाबतीत आमदार हतबल असतो, हे मला कोणी सांगू नये. जिथे इच्छा होती तिथे केंद्राच्या विषयावर ठराव झाला, न्यायालयाच्या निकालावर उपाय काढणारा कायदा झाला, आणि तोही सर्व पक्षांना सोबत घेऊन. हीच माणसं, हेच सभागृह, हेच नियम. लासलगावनं याच तोडीचा आग्रह का धरू नये?

आणि हा आग्रह हवेतला नाही. त्याच जुलै २०२१ च्या अधिवेशनात, ठरावाच्या दुसऱ्या दिवशी, राज्य सरकारनं केंद्राच्या कृषी कायद्यांना उत्तर म्हणून तीन विधेयकं सभागृहापुढे ठेवली. त्यांतलं अत्यावश्यक वस्तू कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक अन्न व नागरी पुरवठा मंत्री म्हणून भुजबळांनीच मांडलं होतं. साठवणुकीवर मर्यादा घालण्याचा अधिकार राज्यालाही हवा, असं ते विधेयक म्हणत होतं. त्याच संचातली एक तरतूद मला आजही महत्त्वाची वाटते: शेतकऱ्याला मालाचे पैसे सात दिवसांत दिले नाहीत तर तो गुन्हा, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड. लोकांच्या सूचना मागवण्यासाठी विधेयकं खुली ठेवली गेली. केंद्राचे कायदे मागे घेतले गेले, मग ही विधेयकंही मागे घेण्यात आली.

का? केंद्राचा कायदा गेला म्हणून शेतकऱ्याचे पैसे बुडायचे थांबले होते का? पैसे थकवून व्यापारी पसार होण्याचे प्रकार २०२० च्या कायद्यांआधीही होते आणि नंतरही आहेत. ती तरतूद केंद्राला उत्तर देण्यासाठी लिहिली गेली असेल, पण तिची गरज आवारातून आली होती. तिला स्वतंत्र विधेयक करून पुन्हा मांडायला कोणाची परवानगी लागत नव्हती. मसुदा तयार होता, चर्चा झालेली होती, मांडणाऱ्या मंत्र्यांच्या रांगेत आमचेच प्रतिनिधी बसले होते. या एका गोष्टीबद्दल लासलगावनं त्यांना समोर बसवून विचारायला हवं होतं. आपण विचारलं नाही, कारण कांदा केंद्राचा ही समजूत आपण त्याआधीच मान्य करून टाकली होती.

साठवणुकीच्या अधिकाराबद्दल मात्र मी सावध आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रानं घाऊक व्यापाऱ्याला २५ टनांची मर्यादा घातली. दिवसाला त्याहून जास्त माल घेणाऱ्या आमच्या व्यापाऱ्यांनी खरेदीच थांबवली, आणि झळ बसली ती व्यापाऱ्याच्या गोदामापेक्षा शेतकऱ्याच्या ट्रॉलीला. मग प्रतवारी आणि भरणीसाठी तीन दिवसांची सवलत देणारी एक ओळ आदेशात घालावी लागली. ती ओळ आधी नव्हती, कारण आदेश लिहिणाऱ्याला उत्पादक बाजारपेठ आणि उपभोक्त्या शहराचा बाजार यातला फरक माहीत नव्हता. लासलगावच्या आमदाराला तो माहीत असतो. कायद्याच्या मसुद्यात ती ओळ आधीच घालणं, याला मी आमदारकी म्हणतो. भाववाढीच्या वेळी अंमलबजावणी करायची ती राज्याच्याच पुरवठा खात्यानं, आणि २०१९ ते २०२२, पुन्हा २०२३ ते २०२४, आणि मे २०२५ पासून तिसऱ्यांदा हे खातं भुजबळांकडे आलं. केंद्र आणि राज्य यांच्यामध्ये जी जागा असते, नेमक्या त्या जागेवर ते बसले होते.

यावर ठरलेली उत्तरं मिळतात. पहिलं असं, की आमदार पक्षाच्या व्हिपनं बांधलेला असतो. १९८५ पासूनच्या पक्षांतरबंदीनं मतदान बांधलं हे खरं. पण तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्ध्या तासाची चर्चा, कपात सूचना, अशासकीय ठराव, अशासकीय विधेयक मांडायला कोणता पक्ष मज्जाव करतो? आणि आमदार मंत्री असेल तर त्याला प्रश्न विचारता येत नाही, पण तो थेट मंत्रिमंडळापुढे टिपणी ठेवू शकतो आणि सरकारी विधेयक आणू शकतो. त्याचा हात लांब झालेला असतो.

दुसरं उत्तर असं, की कांद्यावर सभागृहात आवाज उठतोच की. उठतो. फेब्रुवारी २०२३ च्या अखेरीस भाव कोसळले तेव्हा विरोधी आमदार डोक्यावर कांद्याच्या टोपल्या आणि गळ्यात माळा घालून विधान भवनाच्या पायऱ्यांवर आले. भुजबळ तेव्हा विरोधी बाकांवर होते आणि शेतकऱ्याची बाजू जोरात मांडत होते. त्या दबावातून क्विंटलला ३५० रुपयांचं अनुदान मिळालं. त्याआधी २०१६ मध्ये १०० रुपये मिळाले होते, २०१८ मध्ये २०० रुपये. अनुदान मिळालं याचा आनंद आहे. पण तीन वेळा अनुदान द्यावं लागतं आणि तीनही वेळा बाजाराचा कायदा मुळातून बदलत नाही, हे कायदेमंडळाचं अपयश आहे. डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी आली त्याच दिवशी नागपूरचं हिवाळी अधिवेशन सुरू झालं होतं. सगळे आमदार एका छताखाली होते. पायऱ्यांवर पुन्हा माळा दिसल्या, चांदवडला रास्ता रोको झाला, सत्ताधारी नेते दिल्लीला केंद्रीय मंत्र्यांना भेटून आले. आमचा बाजार मात्र मे महिन्यापर्यंत तसाच तळमळत राहिला. जातगणनेच्या माहितीसाठी सरकारच ठराव आणू शकतं, तर उभ्या पिकासाठी तसा सरकारी ठराव त्या दिवशी यायला हवा होता, आणि तो मंत्रिमंडळात बसलेल्या आमच्या प्रतिनिधीनं मांडायला हवा होता.

तिसरं उत्तर सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येतं: एकट्या आमदाराच्या विधेयकाचं काय होतं? मंजूर थोडंच होतं? ज्यांना महाराष्ट्राच्या विधिमंडळाचा इतिहास माहीत नाही त्यांनी हे म्हणावं. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले या एका सदस्यानं ठराव आणला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. तो मंजूर झाला, महाड नगरपालिकेनं तो स्वीकारला, आणि १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला कायद्याचं बळ त्याच ठरावानं दिलं.

आणि वि. स. पागे. ते कधी मुख्यमंत्री नव्हते. १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते. ज्या माणसाला काम हवं त्याला काम मिळालंच पाहिजे, हा विचार त्यांनी धरला. सांगली जिल्ह्यातल्या विसापुरात १९६५ मध्ये त्याचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळानं त्या विचाराची किंमत सरकारला पटवून दिली. योजना सुरू झाली, १९७५ मध्ये तिच्यासाठी व्यवसाय कराची सोय झाली, १९७७ मध्ये विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा एकमतानं केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पुढे २००५ मध्ये देशानं तो उचलला. आमच्या निफाड-येवल्याच्या पूर्व भागात दुष्काळात खडी फोडून ज्यांनी घरं जगवली, त्यांना त्या कायद्यानं जगवलं. पागे यांनी किती कोनशिला बसवल्या हे मला माहीत नाही आणि कोणाला आठवतही नसेल. एका कल्पनेमागे बारा-चौदा वर्षं लागणं, तिला आकडे, पैसे आणि कलमं जोडत नेणं, हे त्यांचं काम होतं. येवल्यातून २००४ पासून निवडून येणाऱ्या, उपमुख्यमंत्रिपद भूषवलेल्या, सभागृह कोळून प्यायलेल्या नेत्याकडून हीच अपेक्षा करणं अवाजवी आहे का? त्यांची ताकद मला माहीत आहे म्हणून तर मागतो आहे. कमकुवत आमदाराकडे हे मागण्यात अर्थ नव्हता.

आता मताच्या हक्काबद्दल. लासलगाव बाजार समिती १९४७ ची. कांद्याची आशियातली सर्वांत मोठी बाजारपेठ म्हणून तिचं नाव घेतलं जातं. पण या आवारात कांदा आणणाऱ्या शेतकऱ्याला, केवळ शेतकरी म्हणून, समितीच्या निवडणुकीत मत नाही. अठरा संचालकांपैकी अकरा निवडतात सोसायट्यांच्या संचालक मंडळांचे सदस्य, चार निवडतात ग्रामपंचायत सदस्य, दोन व्यापारी-आडत्यांचे आणि एक हमाल-मापाऱ्यांचा. २०१७ मध्ये विधिमंडळानं ही चूक दुरुस्त केली होती. किमान १० गुंठे जमीन आणि पाच वर्षांत तीन वेळा त्या बाजारात माल विकलेला प्रत्येक शेतकरी मतदार, असा तो बदल होता. जानेवारी २०२० मध्ये नव्या सरकारच्या मंत्रिमंडळानं हा हक्क काढून घेण्याचा निर्णय घेतला. निवडणुकीचा खर्च बाजार समित्यांना झेपत नाही, हे कारण दिलं गेलं. त्या मंत्रिमंडळात आमचे आमदार मंत्री होते. नंतरच्या सरकारनं हक्क परत देण्याची घोषणा केली, पण एप्रिल २०२३ मध्ये राज्यभर बाजार समित्यांच्या निवडणुका झाल्या त्या सोसायटी आणि ग्रामपंचायतीच्याच मतांवर. सत्तेत कोण आहे यानं फरक पडला नाही. दोन्ही बाजूंना ठराविक मतदार सांभाळणं सोपं जातं, हे त्यामागचं खरं कारण आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

खळ्यावर भाव पाडला जातो, पैसे थकतात, लिलाव आठवडेच्या आठवडे बंद राहतात, आणि समिती कडक होत नाही, कारण समितीला ज्यांची मतं लागतात त्यांच्यात ट्रॉली घेऊन उभा असलेला माणूस नसतो. म्हणून माझी पहिली मागणी शेतकऱ्याच्या मताच्या कलमाची आहे, बाकीची नंतर. सात दिवसांत पैसे देण्याची २०२१ ची तरतूद बाजार समिती कायद्यात आणावी. लिलावात ठरलेला भाव समितीच्या माणसाच्या लेखी पंचनाम्याशिवाय खळ्यावर बदलता येऊ नये. हमाली-तोलाईचा भार कोणावर, हे कायद्यातच लिहावं. पण मत मिळालं तर या तीनही गोष्टींसाठी शेतकऱ्याला कोणाच्या दारात उभं राहावं लागणार नाही.

खर्चाचं जे कारण २०२० मध्ये दिलं गेलं त्याचं उत्तर समितीच्याच दप्तरात आहे. आवारात येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीची नोंद शेतकऱ्याच्या नावानं होते, हिशेबपट्टी त्याच्या नावानं निघते. २०२३ च्या अनुदानाच्या वेळी याच पट्ट्या आणि सात-बारावरची पिकाची नोंद जोडून अर्ज घेतले गेले आणि पैसे थेट खात्यात गेले. ज्या नोंदींवर सरकार अनुदान वाटू शकतं, त्याच नोंदींवर मतदार यादी तयार होऊ शकते. फक्त एक काळजी मसुद्यात घ्यावी लागेल. कांदा लावणारी, निंदणारी, काढणारी, कापणारी बहुतेक बाईच असते आणि पट्टी निघते ती घरातल्या पुरुषाच्या नावानं. तेव्हा ज्या सात-बाऱ्यावरचा माल विकला गेला, त्या सात-बाऱ्यावर नाव असलेल्या प्रत्येक खातेदाराला मत, असं ते कलम लिहिलं पाहिजे.